साहा समीकरणाने रिकॉम्बिनेशनचा प्रकाश मॉडेल करता येतो का?

म्हणजे तुला प्रोजेक्टसाठी डिस्चार्ज ट्यूबमधले आयन परत इलेक्ट्रॉन पकडून प्रकाश देतात ते मॉडेल करायचंय, आणि विचारतोयस की साहा लावू की क्लाउडीसारखा तयार कोड घेऊ. साहा नको, ते फक्त समतोलात किती अणू आयनित असतात तेवढं सांगतं. ट्यूबसाठी तर मुळीच नको, आणि "सगळे तेच लावतात" हे मला सांगू नको, एमएस्सीला असताना ते पोटभर ऐकलंय.

इथे गोव्यातच, कॉलेजचं नाव घेत नाही, आमच्या लॅबमध्ये हेलियमची ट्यूब होती, पावसाळ्यात भिंतींना बुरशी आणि स्पेक्ट्रोमीटरच्या लेन्सलाही. सर साहा-बोल्ट्झमनचे भक्त. रेषांची तीव्रता मोजायची, ग्राफ मारायचा, उतारावरून तापमान, झालं, पुढच्या बॅचला तोच रिपोर्ट. मी म्हटलं सर, मॅकव्हर्टरच्या अटीत, म्हणजे समतोलाला किमान किती दाट इलेक्ट्रॉन हवेत ते सांगणाऱ्या सूत्रात, हेलियमची २० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासची पहिली उडी घातली तर १०,००० केल्विनला घनसेंटीमीटरमागे १० च्या १८ व्या घाताएवढे इलेक्ट्रॉन लागतात, आपल्या ट्यूबमध्ये त्याच्या लाखो पट कमी, मग समतोल आला कुठून? तर म्हणे पुस्तकात आहे तेवढं कर.

मग मी ५८७.६ नॅनोमीटरच्या पिवळ्या रेषेचा फिल्टर लावला, मागे मंद उजेडही मोजणारा फोटोमल्टिप्लायर, आणि सप्लाय तोडल्यावर ऑसिलोस्कोपवर काय दिसतं ते बघत बसलो. प्रकाश झपकन पडतो आणि मग परत वर चढतो! सप्लाय बंद आणि उजेड वाढतोय. ट्यूब चालू असताना ती रेष मुख्यतः गरम इलेक्ट्रॉनांच्या धडकेने येते, रिकॉम्बिनेशनचा वाटा किरकोळ. बंद केली की इलेक्ट्रॉन गार होतात, आणि तीन कणांच्या (एक आयन, दोन इलेक्ट्रॉन) रिकॉम्बिनेशनचा दर तापमानाच्या उणे साडेचार घाताने जातो, म्हणजे तापमान निम्मं झालं की दर वीस पटींच्या वर. इलेक्ट्रॉन आधी वरच्या पातळ्यांत अडकतो आणि तिथून खाली येता येता प्रकाश देतो. सरांचं निदान: अर्थिंग खराब आहे. बरं, मग चवथीच्या सुट्टीआधी मी नेमका त्या फुगवट्यावर छोटा पल्स देऊन इलेक्ट्रॉन परत जरा तापवले, तर प्रकाश कमी झाला. अर्थिंगला काय कळतंय इलेक्ट्रॉन गरम की गार! तरी व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी तो ग्राफ दाखवून विचारलं तेव्हा माझ्याआधी सरच बोलले, "अर्थिंग". ग्राफ परिशिष्टात गेला, मार्कही गेले.

तर तू कोलिजनल-रेडिएटिव्ह मॉडेल लिही, बेट्स, किंग्स्टन आणि मॅकव्हर्टर यांनी १९६२ मध्येच ती वाट घालून दिलीय. प्रत्येक पातळीत किती येतात, किती जातात एवढंच, पायथनमध्ये होतं. क्लाउडी चांगला कोड आहे पण तो मुळात ताऱ्याच्या उजेडाने आयनित झालेल्या नेब्युलासारख्या वायूसाठी, तिथे हायड्रोजनच्या लाल आणि निळसर रेषांचं २.८६ हे गुणोत्तर खरंच रिकॉम्बिनेशनमधून येतं. तुझ्या ट्यूबला तो जबरदस्तीने लावू नको.

आणि कुठली प्रक्रिया धरली, कुठली सोडली याला "बारीकसारीक" म्हणणाऱ्या गाइडला सूर्याच्या करोनाचं, म्हणजे त्याच्या बाहेरच्या तापलेल्या वातावरणाचं, सांग. रेषांच्या रुंदीवरून तापमान वीस लाख केल्विनच्या आसपास यायचं आणि आयनांच्या प्रमाणावरून दहा लाखांच्याही खाली, शेवटी १९६४ मध्ये बर्जेसने दाखवलं की डायइलेक्ट्रॉनिक रिकॉम्बिनेशन (बाहेरचा इलेक्ट्रॉन पकडताना आयनातलाही एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत जातो ते) हिशेबातच नव्हतं. गार हेलियमला ते लागणार नाही, पण गाइडला सांगायला बरं.

हां, लेझरने धातूवर ठिणगी पाडत असशील तर घनता खूप असते, तिथे साहा बऱ्यापैकी चालतं, तेवढं कबूल. आणि ट्यूबमध्ये प्रेशर जास्त असेल तर हेलियमचे रेणू-आयन बनतात, त्यांचं रिकॉम्बिनेशन वेगळं धरावं लागतं. गॅस कुठला आणि प्रेशर किती ते प्रश्नात लिहिलंच नाहीस, ते टाक.