‘लिटरली’ म्हणजे अक्षरशः, मग ‘आय लिटरली डाइड’ कसं चालतं?

चालतं, आणि हे आजकालचं नाही. लॅटिनमध्ये ‘लिटेरा’ म्हणजे अक्षर. ‘लेटर’, ‘लिटरेचर’ हे त्याच घरातले शब्द. म्हणून ‘लिटरली’चा मूळ अर्थ अक्षराला धरून, शब्दाचा जो वाच्यार्थ तोच. ‘ही लिटरली लिव्ह्ज नेक्स्ट डोअर’ म्हणजे खरोखर शेजारच्याच घरात राहतो. पुढे तो नुसता जोर द्यायलाही येऊ लागला. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात अशा वापराचं उदाहरण थेट १७६९ सालचं आहे, तेव्हा हल्लीच्या मुलांना दोष देऊ नका.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती आपल्या ‘अक्षरशः’ची. त्याची घडणही हीच: ‘अक्षर’ला ‘क्रमशः’, ‘शब्दशः’मधला ‘शः’ लागला. आणि पुढची वाटही हीच! ‘पोरांनी अक्षरशः घर डोक्यावर घेतलं’ म्हणताना आपण कुठे अडखळतो?

गप्पांत बिनधास्त वापरा. अर्ज, अहवाल किंवा बातमी लिहिताना मात्र वाच्यार्थ खरा असेल तरच. आणि ‘ट्रान्सलेट लिटरली’ असं आलं, तर तिथे मराठीत ‘शब्दशः’च हवं.