डिप्लोमा मेकॅनिकल झालंय. चाकणला क्वालिटी इन्स्पेक्टरचा इंटरव्ह्यू आहे. याआधी दोन ठिकाणी नाकारलं, इंग्रजी कच्चं आहे. तयारी कशी करू?

वयाने लहान असशील असं धरून ‘तू’ म्हणतो. मी चाकण पट्ट्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे आणि काही वर्षांपासून इंटरव्ह्यू घ्यायलाही बसतो.

इंग्रजीचं आधी निकालात काढू. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा एचआरचा प्रश्न चार साध्या वाक्यांत बसव आणि मोठ्याने म्हणून बघ. माझ्यासमोर आलास की मी मराठीतच विचारणार. लाइनवर ऑपरेटरशी वाद घालायचा तो मराठी-हिंदीतच घालायचा असतो.

टेबलावर एक पार्ट, त्याचं ड्रॉइंग आणि व्हर्नियर (सरकत्या जबड्याची मोजपट्टी) असतं. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिमी, हे सगळी मुलं धडाधड सांगतात. कसा आला म्हटलं की गप्प. मुख्य पट्टीवरचे 49 मिमी व्हर्नियरवर 50 भागांत वाटलेत, म्हणून एक भाग 0.98 चा, 1 मधून तो वजा केला की 0.02. मायक्रोमीटरही असाच कागदावर मांडून बघ: एका फेऱ्यात 0.5 मिमी, थिंबलवर (फिरवायच्या नळीवर) 50 भाग, म्हणून 0.01.

मग मी ड्रॉइंगवरच्या एका होलवर बोट ठेवतो. 20 एच7. म्हणजे होलचं माप 20.000 ते 20.021 मिमीच्या आत हवं. ‘हे व्हर्नियरने तपासशील?’ दहातले आठ जण हो म्हणतात. अरे, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरकच 21 मायक्रॉन (0.021 मिमी) आणि तुझं व्हर्नियर 20 मायक्रॉनच्या पायरीने वाचतं, मग पार्ट ओके की रिजेक्ट हे कशावरून ठरवणार? साधारण टॉलरन्सच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारं साधन घ्यावं, असा आमच्याकडचा ठोकताळा आहे. त्यामुळे बोअर गेज, म्हणजे होलचा आतला व्यास बारीक मोजणारं साधन. लॉट मोठा असेल तर प्लग गेज, म्हणजे ‘गो’ आणि ‘नो-गो’ अशा दोन ठरलेल्या मापांच्या बाजू असलेला दांडा, जो होलात घालून बघायचा. आणि प्लग गेज म्हणालास तर पुढचा प्रश्न ठरलेला: गो बाजू कोणत्या मापाची? होलसाठी ती लहान मापाची, 20.000 ची. ती आत गेली पाहिजे आणि 20.021 ची नो-गो अडकली पाहिजे. शाफ्टच्या गेजला उलटं, तिथे गो मोठ्या मापाची. घाईत इथे भले भले घसरतात.

मागे एक मुलगा आला होता. सात क्यूसी टूल्सपैकी (क्वालिटीच्या अडचणी शोधायच्या सात ठरलेल्या पद्धती) त्याला तीनच आठवले. पण पार्ट हातात घेतल्यावर त्याने आधी खिशातल्या रुमालाने तेल पुसलं, व्हर्नियरचे जबडे मिटून झिरो बघितला आणि मगच माप घेतलं. टूल्स काय, पुढे शिकवता येतात. त्याला घेतला. त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये ओळख असेल तर दोन दिवस जाऊन खरोखर हात घालून मोजून ये, नुसते व्हिडिओ बघून हे जमत नाही.

रेझ्युमेत प्रोजेक्ट लिहिला असशील तर त्याचं एक तरी माप, एक तरी अडचण सांगता यायला हवी. विकत आणलेले प्रोजेक्ट दुसऱ्या प्रश्नातच उघडे पडतात. एखादी गोष्ट येत नसेल तर ‘हे वापरलेलं नाही सर’ म्हणून मोकळा हो. अंदाज ठोकू नकोस; आमच्या धंद्यात अंदाजाने ओके मारलेला पार्ट कस्टमरकडून परत येतो.

शेवटी तूही विचार: नोकरी कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टवर, शिफ्ट कशा, पीएफ कापून हातात किती? हे विचारल्याने कुणी नाकारत नाही. मात्र कुणी युनिफॉर्म, बूट किंवा ‘जॉइनिंग’चे पैसे आधी मागितले तर तिथूनच परत फिर.

आणि तळेगाव चौकातलं ट्रॅफिक धरून तासभर आधी निघ. गेटवर एंट्री करण्यातही वेळ जातो. आधीच्या दोन ठिकाणी नेमक्या कोणत्या प्रश्नावर अडकलास ते कळव, म्हणजे त्यावर वेगळं लिहिता येईल.