पहिल्यांदा हुरडा घालणार असशील तर

भावा, पहिल्या वर्षी दहा-बारा जणच बोलव. हुरडा आगटीजवळ, गरम हातावरच खायचा. ताटात गार झाला की चव गेली.

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, एकदम पेरू नकोस. गूळभेंडी या हुरड्याच्या वाणाचे दोन-तीन तुकडे आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेर, म्हणजे दाणा कोवळा, चिकात असण्याचे दिवस लांबतात. हुरड्याच्या तुकड्यावर औषध मारायचं नाही, हे माझं पक्कं मत.

आगटी शेणींची, खड्ड्यात. ज्वाळ नको, आर, म्हणजे निखारे, पाहिजेत. उसाच्या पाचटापासून लांब घे आणि पाण्याची घागर जवळ ठेव.

सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गुऱ्हाळावरची ताजी काकवी. तांबडा-पांढरा रस्सा रात्रीला ठेव. मटण आधी आलं की कणसं तशीच राहतात, आणि ते मला बघवत नाही.