वाचकांचे प्रश्न : वेगवान गाडीला गिअरबॉक्स कोणता?

वेगवान गाड्यांतील मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सविषयी अनेक वाचकांनी विचारणा केली आहे. त्यांतील चार प्रश्न या वेळी उत्तरासाठी निवडले आहेत.

प्रश्न : खऱ्या वेगवान गाडीला मॅन्युअल गिअरच हवा, असे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. आता मात्र कंपन्यांचे स्वतःचे आकडेच ऑटोमॅटिकच्या बाजूने असतात. हे कसे घडले, आणि फरक नेमका किती आहे?

उत्तर : फरक पाहायचा तर एकाच गाडीची दोन रूपे समोर ठेवावीत, म्हणजे इंजिन आणि टायर वेगळे असल्याचा गोंधळ मध्ये येत नाही. २०२१ साली आलेली पोर्शे ९११ जीटी३ यासाठी योग्य उदाहरण आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला या गाडीला सात गिअरच्या ‘पीडीके’ या ड्युअल क्लच (दोन क्लचच्या) ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह ३.४ सेकंद लागतात आणि सहा गिअरच्या मॅन्युअलसह ३.९ सेकंद. मॅन्युअल गाडी सतरा किलोंनी हलकी आहे आणि तिचा सर्वोच्च वेगही ताशी ३२०, म्हणजे दोन किलोमीटरने अधिक आहे. तरीही सुरुवातीच्या धावेत ती अर्धा सेकंद मागे पडते.

हा अर्धा सेकंद दोन ठिकाणी जातो. जागेवरून सुटताना क्लच किती सोडायचा हे संगणक टायरच्या पकडीप्रमाणे क्षणाक्षणाला ठरवतो, तर माणसाला ते पायाच्या अंदाजाने करावे लागते. पुढे गिअर बदलताना क्लच दाबणे, दांडा सरकवणे आणि क्लच सोडणे एवढ्या वेळात चाकांपर्यंत इंजिनाची ओढ पोहोचतच नाही. सराव असलेल्या चालकाचाही यात पाव ते अर्धा सेकंद जातो, आणि ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे चौदा मीटर अंतर कापते; तेवढे अंतर ती नुसती घरंगळत जाते. टर्बो इंजिनात तोटा आणखी वाढतो, कारण एक्सलरेटरवरून पाय उचलताच टर्बोचा दाब उतरू लागतो आणि तो पुन्हा चढेपर्यंत थांबावे लागते.

ड्युअल क्लच गिअरबॉक्सने नेमकी हीच पोकळी बुजवली. त्यात एका क्लचवर विषम गिअर आणि दुसऱ्यावर सम गिअर असतात. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये धावत असतानाच चौथा गिअर दुसऱ्या शाफ्टवर आधीच गुंतवून ठेवलेला असतो. बदलाच्या क्षणी एक क्लच सुटत जातो आणि त्याच वेळी दुसरा धरत जातो, त्यामुळे ओढ जवळजवळ अखंड राहते.

ही कल्पना नवी नाही. पोर्शेने १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसिंग गाड्यांत ती वापरली, आणि १९८६ साली मॉन्झा येथे अशा गिअरबॉक्सच्या ९६२ने शर्यतही जिंकली. मात्र तो गिअरबॉक्स जड होता आणि त्याच्यावर भरवसा ठेवणे कठीण होते. १९८९ साली फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी ६४० ही गाडी उतरवली आणि नायजेल मॅन्सेल याने तिच्या पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, विजय मिळवला. फेरारीच्या रस्त्यावरच्या गाडीत पॅडल आले ते १९९७ साली, एफ३५५ मध्ये. पण तिच्यात क्लच एकच होता. सर्वसाधारण ग्राहकाला विकत घेता येणाऱ्या गाडीत ड्युअल क्लच २००३ साली फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मध्ये पोहोचला आणि ९११ मध्ये तो यायला २००८ साल उजाडले. रेसिंगपासून रस्त्यापर्यंतच्या या दीर्घ प्रवासाचे मोठे कारण म्हणजे दोन्ही क्लच अचूक सांभाळू शकणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. ती पुरेशी जलद आणि स्वस्त झाल्यावरच हा गिअरबॉक्स रोजच्या वापरात टिकू लागला.

तेव्हा घड्याळापुरता विचार केला, तर हा वाद संपलेला आहे, आणि मॅन्युअलच्या चाहत्यांनी, ज्यांत मीही आहे, ते मोकळेपणाने मान्य करावे.

प्रश्न : ड्युअल क्लच इतका चांगला असेल, तर काही बलाढ्य गाड्या पुन्हा टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाची ओढ तेलातून पुढे देणाऱ्या, ऑटोमॅटिककडे का वळल्या?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. बीएमडब्ल्यू एम५ च्या २०११ च्या पिढीत ड्युअल क्लच होता, तर २०१७ च्या पिढीत आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आला. जुन्या ऑटोमॅटिकची बदनामी झाली ती गिअर तीन-चारच असल्यामुळे आणि कन्व्हर्टरमधील तेलाच्या घसरणीत बरीच ताकद वाया जात असल्यामुळे. आता गाडी सुटल्यानंतर लगेच लॉक-अप क्लच कन्व्हर्टरला थेट जोडून टाकतो, घसरण थांबते आणि गिअरही जवळजवळ ड्युअल क्लचइतक्याच चपळाईने बदलतात. शिवाय रांगत्या रहदारीत घसरण तेलातच होते, क्लचच्या प्लेटा झिजत नाहीत. ड्युअल क्लच घेणारच असाल, तर त्याचे क्लच कोरडे आहेत की तेलात बुडालेले, हे आधी विचारून घ्या. सारखी थांबत-सुटत चालणारी गाडी असेल, तर तेलातले क्लच उष्णता कितीतरी चांगली सोसतात.

प्रश्न : मॅन्युअल जर हळू आहे, तर कंपन्या ती अजून विकतात कशाला? हा केवळ जुन्याचा मोह नाही का?

उत्तर : केवळ मोह असता, तर पोर्शेला आपला निर्णय फिरवावा लागला नसता. २०१३ ची जीटी३ फक्त पीडीकेसह आली आणि अनेक जुने ग्राहक नाराज झाले. २०१६ साली मॅन्युअल गिअरची ९११ आर केवळ ९९१ गाड्यांपुरती काढण्यात आली, आणि २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत आला. टोयोटानेही जीआर सुप्राला २०२२ मध्ये मॅन्युअल दिली. रेसिंग गाड्यांचे नामांकित रचनाकार गॉर्डन मरे यांनी तर आपल्या टी.५० या गाडीत मिनिटाला १२,१०० फेऱ्यांपर्यंत जाणारे व्ही१२ इंजिन बसवले आणि त्याला सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्सच जोडला.

एका वळणापुरते पाहू. वळण जवळ येते, उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर दाबलेला असतो, डावा पाय क्लच दाबतो, दांडा चौथ्यातून तिसऱ्यात येतो, आणि त्याच क्षणी ब्रेकवरचा दाब तसूभरही न बदलता उजव्या पायाच्या कडेने एक्सलरेटरला टिचकी द्यायची असते, म्हणजे क्लच सोडताना इंजिनाच्या फेऱ्या खालच्या गिअरशी जुळतात आणि मागची चाके झटका खात नाहीत. हे जमले की गाडी एकसंध वळते. चुकले की पाठीला लगेच कळते. संगणक हेच काम अधिक चांगले करतो, पण मग ते काम आपण केलेले नसते. रेसिंग ट्रॅकवर सेकंद वाचवायचे असतील, तर ते काम संगणकावर सोपवणेच शहाणपणाचे. सार्वजनिक रस्त्यावर मात्र कोणी वेळ मोजत नाही आणि मोजूही नये; तिथे हे कौशल्य मध्यम वेगातही भरपूर आनंद देते, म्हणून रस्त्यासाठी माझे मत मॅन्युअललाच आहे.

मात्र एक अट आहे. मॅन्युअल आहे एवढ्यावरच भाळू नका, गिअरची गुणोत्तरे, म्हणजे त्याच वेगाला प्रत्येक गिअरमध्ये इंजिन किती फिरते याचे प्रमाण, पाहा. पोर्शे ७१८ केमन जीटी४ मध्ये दुसरा गिअरच ताशी १३० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो, म्हणजे एवढा उत्तम दांडा हाती असूनही रस्त्यावर तो हलवण्याची वेळच क्वचित येते. इंजिनही तेच मिळते का, हे तपासावे. बीएमडब्ल्यूच्या २०२० च्या एम३ मध्ये मॅन्युअल गाडीला ५५० न्यूटन-मीटर टॉर्क होता, तर ऑटोमॅटिक ‘कॉम्पिटिशन’ आवृत्तीला ६५०; अशा वेळी तुलना नुसत्या गिअरबॉक्सची राहत नाही.

प्रश्न : माझ्या मॅन्युअल गाडीत खालचा गिअर टाकताना इंजिनाच्या फेऱ्या आपोआप जुळतात. शिकताना ही सोय बंद ठेवावी का? आणि गिअर चुकीचा पडला, तर ती इंजिन वाचवेल का?

उत्तर : शिकताना बंद ठेवा, नाहीतर पायाला सवय लागणार नाही. ट्रॅकवर पहिल्यांदा जाताना मात्र चालू असू द्या, म्हणजे लक्ष ब्रेकिंगवर आणि वळणाच्या रेषेवर राहील.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, आणि हा धोका गंभीर आहे. समजा, इंजिनाची मर्यादा ७,००० फेऱ्यांची आहे, तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.५ आणि दुसऱ्याचे २.१ आहे. तिसऱ्यात ७,००० फेऱ्यांवर चौथा टाकताना हात दुसऱ्यात गेला आणि क्लच सोडला, तर चाके इंजिनाला ९,८०० फेऱ्यांवर फिरवू पाहतात. रेव्ह लिमिटर, म्हणजे फेऱ्या मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, फक्त इंधन किंवा ठिणगी तोडू शकतो, चाकांकडून येणारा जोर त्याला अडवता येत नाही; व्हॉल्व्ह पिस्टनला आदळून वाकू शकतात. ऑटोमॅटिक असा गिअर स्वीकारतच नाही. मॅन्युअलमध्ये तिसऱ्यातून चौथ्याकडे जाताना मूठ आवळून दांडा डावीकडे ढकलू नका, तळहात सैल ठेवून तो सरळ मागे आणा. न्यूट्रलमधील स्प्रिंगच त्याला तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत धरून ठेवते. दांडा नेहमीपेक्षा बाजूला गेल्यासारखा वाटला, तर क्लच सोडूच नका.