उलटी बाजू पाहिल्याशिवाय गालिचा घेऊ नये

प्रश्न : रामदासपेठेतील आमचे घर सासऱ्यांनी 1962 मध्ये बांधले. मोझॅकची फरशी, निमुळत्या पायांची सागवानी बैठक आणि भिंतीतली फडताळे आम्ही तशीच जपली आहेत. त्याच काळातला एखादा अमेरिकन गालिचा बैठकीच्या खोलीत घालावा, अशी फार दिवसांची इच्छा आहे. दिल्लीच्या एका विक्रेत्याने 8 बाय 10 फुटांचा, मोहरी आणि करड्या रंगांचा गालिचा ‘1955 चा, अमेरिकेत हाताने केलेला, शुद्ध लोकरीचा’ असे सांगून 95 हजार रुपयांना देऊ केला आहे. त्याची तीन छायाचित्रे सोबत पाठवत आहे. न्यू जर्सीतील माझे दीर मात्र म्हणतात, की तिकडे जुनी घरे रिकामी करताना जी विक्री होते तिच्यात असे गालिचे बरेच स्वस्त मिळतात आणि ते एखादा पाठवून देतील. काय करावे?
— एक वाचक, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : आपण पाठवलेली तिन्ही छायाचित्रे गालिच्याच्या वरच्या बाजूची आहेत. विक्रेत्याने उलट्या बाजूचे एकही छायाचित्र दिलेले नाही, ही गोष्ट मला त्यातल्या रंग-नक्षीपेक्षा अधिक बोलकी वाटते. पैठणी घेताना आपण पदर उलटून पाहतो आणि मगच भावाचे बोलतो. गालिच्याच्या बाबतीत तर ही सवय अधिकच आवश्यक आहे, कारण तो कसा केला, केव्हा केला आणि आणखी किती वर्षे टिकेल, या तिन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरे त्याच्या पाठीवर असतात.

हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याच्या पाठीवर वरची नक्षी जशीच्या तशी, किंचित फिकट दिसते. गाठींच्या रांगा थोड्या वाकड्या-तिकड्या असतात आणि टोकाची झालर म्हणजे ताण्याचेच उरलेले धागे असतात, ती वेगळी शिवलेली नसते. यंत्रावर विणलेल्या गालिच्याच्या पाठीवर रांगा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ असतात आणि बहुधा तागाचा जाड, कडक धागा हाताला लागतो. तिसऱ्या प्रकाराच्या पाठीवर मात्र नक्षीही दिसत नाही आणि गाठीही दिसत नाहीत, दिसते ते नुसते कापड. या प्रकारात ताणलेल्या कापडातून सुईसारख्या हत्याराने लोकर खुपसत जातात, ती निसटू नये म्हणून मागून लॅटेक्स, म्हणजे रबराचा चिकट थर देतात आणि त्यावर दुसरे कापड चिकटवतात. यालाच टफ्टेड म्हणतात. विक्रेत्याचे ‘हाताने केलेला’ हे शब्द पहिल्या आणि तिसऱ्या या दोन्ही प्रकारांना लागू पडतात, आणि ग्राहकाची फसगत होते ती बहुतेक वेळा नेमकी याच जागी. म्हणून त्यांना स्पष्ट विचारावे : गाठी मारलेल्या आहेत, की लोकर खुपसलेली आहे?

तथापि, टफ्टेड म्हणजे कमअस्सल, असा निष्कर्ष कृपया काढू नये. ज्या काळाची आपल्याला ओढ आहे, म्हणजे साधारणपणे 1940 च्या दशकाच्या मध्यापासून 1960 च्या दशकाच्या अखेरीपर्यंतचा काळ, त्यातील अमेरिकेचे सर्वांत नावाजलेले गालिचे याच पद्धतीचे आहेत. व्ही’सोस्के या घराण्याने 1924 मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे काम सुरू केले आणि पुढे प्वेर्तो रिको बेटावर आपली कार्यशाळा उभारली; न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1942 मध्ये अमेरिकन चित्रकारांनी रेखाटलेल्या गालिच्यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा अर्शिल गॉर्की आणि स्टुअर्ट डेव्हिस यांची रेखाटने लोकरीत उतरवण्याचे काम याच कार्यशाळेने केले होते. न्यूयॉर्कमध्येच 1935 पासून काम करणाऱ्या एडवर्ड फील्ड्स यांनी मॅग्नाक्राफ्ट नावाचे हाताने चालवायचे टफ्टिंगचे हत्यार वापरात आणले. खोलीभर न पसरता बैठकीपुरताच घालायच्या गालिच्याला तिकडे ‘एरिया रग’ म्हणतात, त्या शब्दाचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. या दोन नावांपैकी एखादे पाठीवर खरोखर असेल, तर आपल्याला सांगितलेली किंमत महाग म्हणता येणार नाही. किंबहुना ती इतकी कमी का, हा प्रश्न आधी विचारावा लागेल.

आता ‘1955’ या सालाविषयी. जुन्या मालाचा विक्रेता साल सांगताना फारसा अडखळत नाही, म्हणून पाठीवर शिवलेली चिठ्ठी आपणच वाचावी. कापडी मालावर धाग्यांचे टक्केवारीसह प्रमाण छापण्याची सक्ती करणारा कायदा अमेरिकेत 1958 मध्ये झाला आणि मार्च 1960 पासून तो अमलात आला. गालिच्यांच्या बाबतीत ती टक्केवारी वरच्या लवेपुरती असते, पाठीचा धागा तीत धरत नाहीत. तेव्हा ‘शंभर टक्के लोकर’ अशी छापील चिठ्ठी असलेला गालिचा 1960 नंतरचा असण्याचीच शक्यता अधिक. दुसरी खूण पत्त्यात सापडते. अमेरिकेत पाच आकडी पिनकोड जुलै 1963 पासून आले. त्याआधी मोठ्या शहरांच्या नावापुढे एक किंवा दोन आकडी विभाग क्रमांक लिहीत असत. चिठ्ठीवरच्या कंपनीच्या पत्त्यात पाच आकडे असतील, तर 1955 ची गोष्ट तिथेच संपली. चिठ्ठी नसेलच, तर तेवढ्यावरून गालिचा खोटा ठरत नाही, पण मग सालासाठी जादा पैसे मोजण्याचेही कारण उरत नाही.

‘अमेरिकन’ या शब्दालाही थोडे खरवडून पाहावे. त्या काळच्या अमेरिकी घरांतून दिसणारे लांब लवेचे ‘रिया’ गालिचे मूळचे उत्तर युरोपातले, फिनलंड-स्वीडनकडच्या परंपरेचे होत. डेन्मार्कच्या कारखान्यांनी ते यंत्रावर विणून अमेरिकेत पाठवले आणि पुष्कळ गृहिणींनी कापड व लोकर यांचा तयार संच आणून घरीच केले. गालिचा म्हणून त्यांत काही कमी नाही, आणि आपल्या सागवानी बैठकीशेजारी असा रिया मला तरी फार शोभून दिसेल. मात्र त्याला अमेरिकन म्हणून वेगळा भाव देऊ नये.

लोकरीची परीक्षा सोपी आहे. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी सहज चुरडते. नायलॉनसारखा कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा टणक मणी होतो. त्यानंतर पांढरे फडके ओले करून गडद रंगावर मिनिटभर दाबून धरावे, फडक्याला रंग लागला तर गालिचा धुण्याच्या वेळी पंचाईत होणार हे समजावे. शेवटी दोघांनी तो उचलून उजेडासमोर धरावा, विरलेल्या आणि कसर लागलेल्या जागा चाळणीसारख्या दिसतात. विक्रेत्याची हे सारे करू देण्याची तयारी नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. मी स्वतः एकदा संकोचापोटी न उलटता एक गालिचा घेतला होता. घरी आल्यावर पाठीचे कापड सोलून पाहिले, तर मधला हातभर भाग निराळ्याच गालिच्याचा तुकडा जोडून भरलेला निघाला. संकोच मला त्या दुकानात जितका महाग पडला, तितका त्यानंतर कुठेही पडला नाही.

दिरांचा प्रस्ताव प्रेमाचा आहे, पण तो जसाच्या तसा स्वीकारू नये. वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्या परकी व्यापार धोरणात निर्बंधित गटात मोडते आणि तिला परवानगी लागते. वस्तू जुनी आहे म्हणून जकातीत पुराणवस्तूचा दर्जा मिळेल, अशी आशाही करू नये, कारण त्यासाठी शंभर वर्षांहून अधिक वय लागते आणि 1955 चा गालिचा त्या मानाने तरुण आहे. घरातील कोणी परदेशातील मुक्काम हलवून कायमचे भारतात परतत असेल, तर वापरलेल्या घरगुती सामानासाठी नियम वेगळे आहेत, त्याची चौकशी सीमाशुल्काच्या जाणकाराकडे करावी. शिवाय या आकाराचा लोकरी गालिचा वजनाला पंचवीस-तीस किलो सहज भरतो. तिकडे स्वस्त मिळालेल्या वस्तूचे विमानभाडे मुद्दलाला मागे टाकते.

मापाचेही पाहून घ्यावे. अमेरिकी घरांतले 9 बाय 12 फुटांचे माप आपल्याकडच्या 10 बाय 12 च्या खोलीत भिंतींना भिडू पाहते आणि तुमची सुंदर मोझॅक झाकून टाकते. घेण्यापूर्वी जुनी वर्तमानपत्रे चिकटवून तेवढ्या मापाचा कागद फरशीवर अंथरावा आणि दोन दिवस त्यावरून वावरावे. बैठकीचे पुढचे पाय गालिच्यावर यावेत आणि चारी बाजूंनी फूट-दीड फूट फरशी मोकळी राहावी, एवढे साधले की पुरे.

माझे मत विचाराल, तर उलट्या बाजूची छायाचित्रे आणि चिठ्ठीचा स्पष्ट फोटो आल्याशिवाय विक्रेत्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नये. पाठीवर गाठी दिसल्या किंवा खात्रीची चिठ्ठी निघाली, तर प्रत्यक्ष दिल्लीला जाऊन पाहावा. नुसते बेनावी कापड निघाले, तर तेवढ्याच रकमेत भदोही-मिर्झापूरकडच्या विणकरांकडून त्या काळच्या वळणाची साधी भौमितिक नक्षी नव्याने, हातगाठींत विणून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : सदरमध्ये एका जुन्या सामानाच्या दुकानात नारिंगी रंगाचा, लांब लवेचा अमेरिकन गालिचा अवघ्या सहा हजारांत मिळत आहे. दुकानदाराने तो उलगडला तेव्हा खाली पिवळसर भुकटी पडली. झाडून घेतली की जाईल, असे तो म्हणतो. घ्यावा का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : घेऊ नये. ती धूळ नव्हे, पाठीच्या लॅटेक्सचा चुरा आहे. रबराचा हा थर वयोमानाने आणि उष्णतेने ठिसूळ होतो, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या आपल्या शहरातल्या पत्र्याखालच्या गोदामात त्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना आपण करू शकता. आज भुकटी पडते आहे, उद्या लवेचे झुपकेच हाताला येतील. जुना थर काढून नवी पाठ बसवता येते, पण तो खर्च नामांकित कार्यशाळेच्या गालिच्यासाठीच परवडतो.

प्रश्न : वडिलांनी 1968 मध्ये अमेरिकेहून आणलेला लोकरी गालिचा आमच्याकडे आहे. यंदा त्याला कुबट वास येऊ लागला असून एका कोपऱ्यात लव झडली आहे. उन्हाळाभर तो कूलरसमोर होता.
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : दोष कूलरच्या ओल्या हवेचा आहे. लोकर ओल शोषून धरते, खालची फरशी वाळत नाही आणि मग वास धरतो. झडलेला कोपरा मात्र कसरीचा दिसतो, कारण जिथे कोणी चालत नाही आणि उजेड पोचत नाही तिथेच ती लागते. गालिचा गच्चीवर, पण सावलीत, दोन्ही बाजूंनी वाळवावा आणि पाठ वर करून दांड्याने झोडपावा. थेट कडक उन्हात दिवसभर ठेवल्यास रंग उडेल. घरी पाण्यात बुडवून धुऊ नये. झडलेला कोपरा जाणत्या रफूगराकडून भरून घेता येतो. पुढच्या वर्षी कूलर सुरू करण्यापूर्वीच गालिचा उचलावा, घडी न घालता लव आतल्या बाजूला ठेवून त्याची वळकटी करावी, जुन्या सुती चादरीत गुंडाळावी आणि डांबरगोळ्या लोकरीला थेट लागणार नाहीत अशा पुरचुंडीत ठेवाव्यात. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा एकदा वळकटी सोडून हवा दाखवावी आणि दिवाळीच्या साफसफाईनंतर गालिचा पुन्हा अंथरावा.