मोठ्या शहरात तीनच दिवस असतील तर संग्रहालय पाहण्यात वेळ घालवावा का?

तुम्ही लिहिलंय की कोलकात्यात तीन दिवस आहात आणि सोबतची मंडळी म्हणतात, "म्युझियममध्ये काय, नुसते दगड." हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं घरच्या माणसाकडून ऐकतोय, म्हणून उत्तर लिहायला बसलो. घालवावा. उरलेल्या वेळात नव्हे, पहिल्याच दिवशी सकाळी, पाय ताजे असताना.

2009 च्या दिवाळीत आम्ही दोघं, आमचे साडू आणि आक्का असे चौघं एका टूर कंपनीबरोबर कोलकाता-दार्जिलिंग करून आलो. कार्यक्रमात इंडियन म्युझियमला पन्नास मिनिटं होती. 1814 साली सुरू झालेलं, देशातलं सगळ्यात जुनं संग्रहालय, आणि पन्नास मिनिटं! त्यातली दहा तिकिटाच्या रांगेत गेली. मग मॅनेजरनी सगळ्यांना इजिप्तची ममी दाखवायला पळवलं. मी गर्दीला कंटाळून तळमजल्यावर भारहूतच्या दालनात शिरलो.

मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहूत आहे. तिथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला स्तूप, म्हणजे बौद्धांचा पूजेचा घुमट, होता. इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला तो 1873 मध्ये सापडला तेव्हा आसपासच्या गावांतल्या लोकांनी त्याचे दगड घरं बांधायला नेलेले होते. जे उरलं त्यातलं एक तोरण, म्हणजे दगडी प्रवेशद्वार, आणि स्तूपाभोवतीच्या कठड्याचा बराच भाग कोलकात्याला आणून उभा केला. लालसर दगडाचे सात फुटी खांब, त्यांच्यावर गोल कोरलेली चित्रं.

मी कराडचा. पस्तीस वर्षं कचेरीबाहेर टेबल टाकून दस्त लिहिले, खरेदीखतं, बक्षीसपत्रं, वाटपपत्रं. आणि त्या खांबावर माझ्यासमोर खरेदीखत कोरलेलं होतं. श्रावस्तीच्या अनाथपिंडिक नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याला बुद्धासाठी जेत राजपुत्राची बाग हवी होती. जेत म्हणाला, जमीन झाकेल एवढी नाणी अंथर, मग घे. चित्रात बैलगाडी मोकळी उभी आहे, बैल सोडून शेजारी बसवलेत. माणसं गाडीतून नाणी काढतायत आणि दोघं जण खाली बसून ती एकाला एक चिकटवून मांडतायत. नाणी चौकोनी आहेत, त्या काळी तशी असायची. मधोमध अनाथपिंडिक हातात झारी घेऊन उभा आहे, दानाचं उदक सोडायला. एका बाजूला बघणारी माणसं, म्हणजे साक्षीदार. खाली ओळ कोरली आहे: जेतवन अनाधपेडिको देति कोटिसंथतेन केता. कोटी नाणी अंथरून विकत घेतलेलं जेतवन अनाथपिंडिक देतो. देणार कोण, मिळकत कोणती, मोबदला किती आणि कसा दिला, सगळं एका ओळीत. मी आयुष्यभर तेवढंच लिहीत आलो, फक्त मला चार पानं लागायची.

ती नाणी मांडणारी माणसं मी पाहत होतो, एवढ्यात साडूंनी दारातून हाक मारली. "अहो, चला, न्यू मार्केट करायचंय अजून." बस सुटायला वीस मिनिटं होती. मॅनेजरही मागोमाग आला. मी निघालो. न्यू मार्केटात आक्कांनी दोन साड्या घेतल्या आणि साडूंनी बॅग घेतली. बॅगेची चेन दार्जिलिंगला पोचेपर्यंत टिकली नाही.

खरा घाव घरी आल्यावर बसला. नगरवाचनालयात सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर चाळत होतो. त्यात कराडच्या इतिहासात भारहूतचं नाव! त्या कठड्यासाठी ठिकठिकाणच्या लोकांनी दान दिलं आणि देणाऱ्यांची नावं दगडावर आहेत. त्यांतलं एक गाव 'करहकट'. तिथल्या निगमाचं, म्हणजे व्यापारी पेठेचं दान. अभ्यासक करहकट म्हणजे आपलं कराड असं धरतात. नाशिकच्या एका बाईचंही नाव त्या कठड्यावर आहे. कराडजवळची आगाशिवची बौद्ध लेणी मी लहानपणापासून बघतोय, म्हणून इथे बौद्ध वस्ती होती हे माहीत होतं. पण आमच्या पेठेनं हजार किलोमीटरच्या वर असलेल्या स्तूपाला दगड दिला, आणि त्या कठड्यासमोर उभा राहून मी बॅग घ्यायला निघून आलो! त्या रात्री मला झोप लागली नाही.

2018 ला पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसनं आम्ही दोघंच परत गेलो. जाण्याआधी ब्राह्मीतला, म्हणजे त्या लेखांच्या जुन्या लिपीतला, एकच शब्द पाठ केला, 'दानं'. आडव्या रेघेवर मधोमध एक उभी रेघ म्हणजे न, आणि शेजारी टिंब. एवढं डोळ्यांत ठेवलं की तो शब्द सापडतो. कोलकात्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेप या इंग्रजानं 1837 मध्ये ब्राह्मी उलगडली तीसुद्धा याच शब्दावरून. सांचीच्या कठड्यावरच्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे हे 'दानं' असणार, हे त्यानं ओळखलं, आणि हे काम त्यानं केलं ते कोलकात्यातच. आम्ही सकाळी दहाला आत गेलो आणि खांबामागून खांब बघत फिरलो. "हे बघा इथं पण आहे," असं सौ. मला दाखवू लागली, तेव्हा दुपार झाली होती. सातवी शिकलेली बाई दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द वाचत होती.

साडूंचं म्हणणं आजही तेच आहे, "सगळं मोबाइलवर दिसतं." नाही दिसत. मोबाइलवर तुम्हाला तेच खांब दिसतात ज्यांचे फोटो लोकांनी काढले. शेजारच्या खांबावर काय लिहिलंय ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दुसरं त्यांचं म्हणणं, म्युझियम शाळेच्या सहलीसाठी असतं. माझं उलटं मत आहे. ज्यानं जमीन घेतली-विकली, घर बांधलं, भांडी मोडीत घातली, त्यालाच त्या वस्तू कळतात. शाळेच्या पोराला बैलगाडीतली नाणी कळणार नाहीत, साडूंना कळली असती, त्यांनी तीन प्लॉट घेतलेत.

आता तुमच्याविषयी. सगळं संग्रहालय बघायला जाऊ नका. एक दालन निवडा, दोन तास द्या आणि बाहेर या. दालन आपल्या धंद्याप्रमाणे निवडा. शिवणकाम करणाऱ्यानं कापडाचं, शेतकऱ्यानं अवजारांचं. आधी घरी एक तास वाचा, तिथे गेल्यावर वाचून काही होत नाही. हैदराबादला सालारजंग संग्रहालयात सगळे दर तासाला त्या वाजणाऱ्या घड्याळासमोर जमतात. तेवढ्यात इटालियन शिल्पकार बेंझोनीची 1876 मधली बुरख्यातली रिबेका, संगमरवरी पुतळा, मोकळी सापडते. संगमरवराचं कापड कसं केलं ते जवळून बघा. मुंबईत भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय छोटं आहे, अर्ध्या दिवसात मनासारखं होतं. टूरबरोबर जात असाल तर मॅनेजरला सांगून त्या दिवशी गटातून बाहेर पडा, आणि दिलेला वेळ आधीच विचारा, मला विचारायचं सुचलं नाही.

लहान मुलं बरोबर असतील तर मात्र मी म्हणतो तसं करू नका, त्यांना ममी आणि प्राण्यांचे सांगाडे दाखवा, त्यांचा आनंद त्यातच आहे. गुडघे दुखत असतील तर जिथे बाक दिसेल तिथे बसून घ्या. आणि मंडळींना खरेदीच करायची असेल तर त्यांना जाऊ द्या, ओढून नेलेला माणूस दर दहा मिनिटांनी घड्याळ बघतो. न्यू मार्केट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मेट्रोचं पार्क स्ट्रीट स्टेशनही जवळ आहे.

कोलकात्याचं सोमवारी बंद असतं, हैदराबादचं शुक्रवारी, भायखळ्याचं बुधवारी. तिकीट काढण्याआधी वार बघून घ्या.