संध्याकाळचा ताप, रात्रीचे डोळे : वेल्डिंगविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गोठ्यावर पत्र्याची शेड करतोय. सगळी जीआय पाइप. दिवसभर काही नव्हतं, पण संध्याकाळी मिस्त्रीला हुडहुडी भरून ताप आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गडी ठणठणीत. दूध प्यायलं की धूर बाधत नाही, असं तो म्हणतो. खरं का? (खानापूर)

दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात. दोघांची गाठच पडत नाही. दूध प्यायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर धूर ओढू नका.

जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. लोखंड वितळायला १५०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे जोड लागायच्या आधीच जस्ताची वाफ होते आणि हवेत तिचा पांढरा धूर बनतो. तो छातीत गेला की चार ते दहा तासांनी थंडी, ताप, अंगदुखी आणि तोंडाला धातूची चव येते. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतं. त्यापुढे ताप राहिला किंवा दम लागला, तर डॉक्टरांकडे जाऊन ‘जीआयचं वेल्डिंग केलंय’ हे आधी सांगा. पावसाळ्यात खानापूर भागात ताप म्हटला की डेंगी-मलेरियाच डोळ्यासमोर येतो, वेल्डिंगचं कुणी विचारत नाही.

जुने वेल्डर सांगतात, ‘सवय होते’. रोज धुरात राहिलं की ताप येईनासा होतो हे खरं, पण रविवारची सुट्टी झाली की ती सवय मोडते आणि सोमवारी पुन्हा हुडहुडी. शिवाय ताप थांबला म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. हे जीआयपुरतं नाही, साध्या लोखंडालाही लागू आहे.

उपाय महाग नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचं दोन-तीन इंच जस्त ग्राइंडरने आधी काढायचं, नंतर त्या जागी झिंकचा प्रायमर मारायचा. वाऱ्याला पाठ करून उभं राहिलं तर धूर वळून तोंडावरच येतो, म्हणून वारा बाजूने घ्या. तोंडाला रुमाल बांधून धूर अडत नाही. निदान एन-९५ मास्क हवा, तोही नाकाशी घट्ट बसणारा.

प्रश्न : मुलगा फॅब्रिकेशनमध्ये हेल्पर आहे. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन रडत उठला. शेजाऱ्यांनी बटाट्याचे काप ठेवायला सांगितले. मेडिकलवाल्याने दिलेल्या थेंबांनी लगेच थांबतं. तेच चालू ठेवू का? (उद्यमबाग, बेळगाव)

थेंब ताबडतोब बंद करा. लगेच थांबतं याचा अर्थ त्यात बहुधा डोळा बधिर करणारं औषध आहे. ते डॉक्टर तपासणीपुरतं वापरतात. घरी पुन्हा पुन्हा घातलं तर बुबुळावरची जखम भरत नाही, उलट चिघळते आणि दुखत नसल्यामुळे कळतही नाही.

आर्कमधल्या, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत प्रकाशातल्या, अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो. उन्हाने भाजलेल्या कातडीसारखंच ते उशिरा जाणवतं, साधारण सहा ते बारा तासांनी. म्हणून हे दुखणं बहुतेकदा रात्री उठतं. थंड पाण्याची पट्टी, अंधारी खोली, पोटात घ्यायची साधी वेदनाशामक गोळी. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत आराम पडतो. बटाटा, दूध, गुलाबपाणी यातलं काहीही डोळ्यात घालू नका. एक खूण लक्षात ठेवा : आर्क लागली तर बहुधा दोन्ही डोळे दुखतात. एकच डोळा टोचत असेल, तर ग्राइंडरचा कण रुतल्याची शंका धरून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

आणि दोष मुलाचा नाही. वेल्डरला शील्ड मिळते, पाइप धरणाऱ्या हेल्परला ‘तिकडं बघ’ एवढंच मिळतं. टॅक (तात्पुरता टाका) मारताना डोळे मिटून भागत नाही, पत्र्यावरून उलटा येणारा प्रकाशही भाजतो. हेल्परला स्वतःची शील्ड हवी. नेहमीच्या रॉडच्या कामाला १० किंवा ११ नंबरची काच लागते. गॅस कटिंगचा गॉगल त्याहून खूप फिका असतो. तो किंवा बाजारातला काळा चष्मा आर्कला चालत नाही.

प्रश्न : पावसात साइटवर होल्डरचा (वेल्डिंगचा रॉड धरायच्या पकडीचा) झटका बसतो. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाइनवर ट्रिपर (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवला तरी बसतोच. असं का? (जांबोटी)

कारण ट्रिपर मशीनच्या अलीकडच्या बाजूचं रक्षण करतो. तो हवाच, कारण जोड मारलेल्या केबली ओल्या मातीत पडलेल्या असतात. पण होल्डरकडचा प्रवाह मशीनमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा. तिथली गळती ट्रिपरला दिसतच नाही.

रॉड टेकलेला नसताना होल्डरवर साठ ते ऐंशी व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते किरकोळ वाटतात, घामाने किंवा पावसाने भिजलेल्या माणसाला तेवढ्यानेही मरण येऊ शकतं. ओले हातमोजे बदला, पायाखाली कोरडी फळी घ्या, उघड्या हाताने रॉड बदलू नका. नवं मशीन घेणार असाल तर व्हीआरडी असलेलं घ्या. रॉड टेकलेला नसताना ते व्होल्टेज उतरवून ठेवतं. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा. स्लॅबच्या सळईला कुठेतरी अडकवून दिला की प्रवाह वाट मिळेल तिथून परततो, कधी चेनपुलीतून, कधी दुसऱ्याच्या मशीनच्या अर्थ वायरमधून, कधी माणसातून. आणि तुमच्याकडचा पाऊस धो-धो लागला की काम थांबवा. ठेकेदार कुरकुरेल. कुरकुरू दे.

प्रश्न : डांबराचं रिकामं बॅरल पाण्याने धुऊन गॅसने कापलं तर चालेल? (काकती)

नाही. सांध्यात राहिलेलं डांबर तापलं की त्याची वाफ पेट घेते आणि बॅरल फुटतं. डिझेलचं, थिनरचं, ऑइलचंही तेच. ग्राइंडरच्या ठिणगीनेही ते उडतं. पाणी साठवायला बॅरल हवं असेल तर नवंच विकत घ्या.

प्रश्न : ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह जाम झालाय, थोडं ग्रीस लावू का? आणि कटिंगला घरचा गॅस सिलिंडर वापरतात, ते बरोबर का? (संकेश्वर)

ग्रीस तर नाहीच, तेलकट हातही लावू नका. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन हवेच्या दीडशे पटीच्या आसपास दाबाने भरलेला असतो. त्या दाबाखाली तेल ठिणगीशिवाय पेट घेतं. जाम सिलिंडर तसाच परत पाठवा. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर फक्त स्वयंपाकासाठी, कटिंगला वापरणं बेकायदा आहे. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर आहे का तेही बघा. नसेल तर उलट फिरलेली ज्योत थेट सिलिंडरकडे जाते.

प्रश्न : तंबाखूच्या वखारीचं छप्पर दुरुस्त करायचंय. माल हलवायला जागा नाही. वर वेल्डिंग करू का? (निपाणी)

माझं मत, करू नका. तुकडे बाहेर अंगणात जोडून आणा आणि वर नट-बोल्टने बसवा. वेळ जास्त लागेल, पण वखार राहील.

अगदीच टळत नसेल, तर ठिणगी दहा-अकरा मीटरपर्यंत उडते हे धरून तेवढा परिसर मोकळा करा. जे हलत नाही त्यावर पत्रे किंवा अग्निरोधक चादर घाला. प्लॅस्टिकची ताडपत्री नको, ती आधी पेटते. भिंत आणि छपराच्या फटी बुजवा. आग बहुतेक वेळा तिथूनच आत शिरते. तंबाखूच्या बोदांत (गाठोड्यांत) आणि बारदानात ठिणगी ज्वाळा न दाखवता धुमसत राहते. म्हणून काम संपल्यावर निदान तासभर एक माणूस पाणी आणि पावडरचं अग्निशामक घेऊन तिथेच थांबला पाहिजे. यासाठी काम सकाळी धरा. पाचला आटोपून कुलूप घातलं तर धूर बघायला कोणी नसतं. त्या माणसाची हजेरी ठेकेदाराशी आधीच ठरवून घ्या, नाहीतर ऐनवेळी तो सगळ्यात आधी घरी जातो.

प्रश्न : चार इंची ग्राइंडरला गार्ड काढून सात इंची व्हील बसवतात. चालतं का? (येळ्ळूर)

सात इंची व्हीलवर मिनिटाला साधारण ८५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, चार इंची मशीन अकरा हजारांवर फिरतं. व्हील फुटतं आणि तुकडे गार्ड नसलेल्या बाजूने, म्हणजे तुमच्याकडेच येतात. लाकूड कापायचं करवतीचं पातंही त्याला लावू नका. खोल कापायचं असेल तर सात इंची मशीन भाड्याने मिळतं.